कॅमेरा कानाला लावणारा माणूस

लोक कॅमेरा डोळ्याला लावतात. सातपूरचे पगारे अण्णा आधी कानाला लावत. खोलीचं दार बंद, पंखा बंद, मनगटावरचं घड्याळ काढून डब्यात ठेवलेलं, कारण त्याची टिकटिक मध्ये येते. अण्णा डोळे मिटून बसलेले आणि बोट कॅमेऱ्याच्या बटणावर. आत फिल्म नसे, नुसती यंत्रणा फिरत असे. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून ते दोनपैकी एक निकाल देत. "बरं शे," म्हणाले की कॅमेरा वाचला. "ह्याला ठेच लागलीय," म्हणाले की त्याचे सगळे स्क्रू निघून ताटलीत पडलेच समजा. 'शे' म्हणजे त्यांच्या देवळ्याकडच्या बोलीतलं 'आहे'. चाळीस वर्षं नाशकात काढून त्यांचं बोलणं आमच्यासारखं झालं होतं, पण यंत्राशी आणि बायकोशी बोलताना गाव बरोबर जिभेवर यायचं.

मी सातपूरच्याच एका शाळेत मराठी शिकवायची. स्वभाव तापट. वर्गातली मुलं मला मागून काय म्हणत ते मला माहीत आहे, इथे लिहायची गरज नाही. शाळेचं गॅदरिंग दोन दिवसांवर आलं आणि आमचा अॅम्प्लिफायर गुरगुरायला लागला. शिपायाने सांगितलं, पगारेंकडे न्या. मी रिक्षात घालून तो नेला आणि कधीपासून गुरगुरतो, आधी कोणी उघडला, मुख्याध्यापक काय म्हणाले, सगळं सांगायला लागले. खाकी शर्टातल्या एका किडकिडीत म्हाताऱ्याने हात वर केला.

"बाई, तुम्ही जरा गप्प बसा. त्याला बोलू द्या."

वीस वर्षांत मला कोणी 'गप्प बसा' म्हटलं नव्हतं. आमच्या घरातसुद्धा ती हिंमत कोणाची नाही. मी इतकी चकित झाले की खरंच बसले. अॅम्प्लिफायर दहा मिनिटांत नीट झाला आणि पुढची आठ-नऊ वर्षं दर रविवारी मी त्या खोलीत जाऊन बसत राहिले. घरचे विचारत, काय करतेस तिथे. मी सांगायची, गप्प बसते. त्यांचा विश्वास बसत नसे.

अण्णा एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झाले होते. खाकी शर्ट मात्र रिटायर झाला नाही. खिशात पेन, त्याला लागून बारीक स्क्रूड्रायव्हर. वसाहतीतलं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली काचेचं कपाट आणि कपाटात जुने, फिल्मचे, चित्रपट काढायचे लहान कॅमेरे. कोणी भंगारातून आणून दिलेले, कोणी माळ्यावरून काढून दिलेले. स्वयंपाकघरातून कुसुमवहिनी विचारायच्या, "चालवताय का? का टाकू फोडणी?" अण्णा म्हणायचे, "थांब गं थोडी." मग तेल तापत राही, मोहरी मुठीत राही, आणि आतली यंत्रणा फिरून थांबली की चर्रकन फोडणी पडे. या घरची भाजी नेहमी थोडी करपलेली का असते, ते मला तेव्हा समजलं.

लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा एकदा नवा महागडा कॅमेरा दाखवायला आला. जाताना कपाटाकडे बोट करून म्हणाला, "अण्णा, ह्यांचे मेगापिक्सेल किती?"

"मोजले नाहीत," अण्णा म्हणाले. "तुझ्या डोळ्यात किती आहेत?"

तो हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या कपाटात न मावणारा एक कॅमेरा होता. गंगापूर रोडच्या एका बाईंचे यजमान माहितीपट काढायचे. ते गेल्यावर त्यांची पेटी माळ्यावर पडून होती. अण्णांनी ती मागून आणली आणि आठ महिने त्या कॅमेऱ्याच्या मागे लागले. एक दातेरी चाक झिजलं होतं, ते कुठे मिळेना. शेवटी एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः लेथवर उभं राहून त्यांनी ते बनवलं. कॅमेरा सुरू झाला त्या दिवशी मला बरोबर घेऊन ते गंगापूर रोडला गेले.

"ताई, साहेबांचा कॅमेरा सुरू झाला. ऐका," म्हणून आम्ही दोघांनी तो उचलून त्या बाईंच्या कानाजवळ धरला.

बाईंनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "अहो, काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला होता की बाईंनी कॅमेरा परत घेतलाच नाही. ठेवा म्हणाल्या तुमच्याकडे, काहीतरी चांगलं काढा.

आता हे काहीतरी चांगलं म्हणजे काय, ते अण्णांच्या डोक्यात पहिल्यापासून पक्कं होतं. लीलाताई.

लीलाताई साळवे अण्णांच्याच कारखान्यात प्रेसवर होत्या. पत्रा प्रेसखाली सरकवायचा, पॅडल दाबायचं, तयार तुकडा काढायचा, हात वेळेवर मागे घ्यायचा. तीस वर्षं हेच. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी अण्णांनी एक एकांकिका लिहिली होती, नऊ मिनिटांची, एका पात्राची. नोकरीच्या शेवटच्या दिवशी प्रेसवरची बाई आपल्या मशीनशी बोलते. तिला तेल घातलं, तिच्या तोंडात रोज हात घातला, तिच्या आवाजात पोरीची हाक ऐकू आली नाही, नवऱ्याचा शेवटचा शब्द ऐकू आला नाही, असं सगळं सांगते. शेवटी ती मशीन बंद करते. एकदम शांत होतं. आणि त्या शांततेत ती मशीनला विचारते, "आता तरी ऐकू येतंय का माझं?"

मी हा प्रयोग तीनदा पाहिला. रंगमंचावर मशीन म्हणून एक लोखंडी स्टूल असे. विंगेत बसून अण्णा हाताचं जुनं शिवणयंत्र फिरवत, तो मशीनचा आवाज. लीलाताईंचा आवाज त्याच्यावरून असा यायचा की शेवटच्या रांगेतल्या चणेवाल्याचा हातही थांबायचा. अठरा वर्षांत साठेक प्रयोग झाले असतील. एकदा कोणीतरी तो मोबाईलवर काढला. मोबाईल बदलला, प्रयोग गेला. त्यावर अण्णा आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते. "हातात धरता येईल असं पाहिजे," म्हणाले. "फिल्म पेटीत ठेवली की राहते. विसरली तरी राहते."

म्हणून त्यांना हे नाटक फिल्मवर काढायचं होतं, तिच्या आवाजासकट. वर्षभर नुसतं बोलणं चाललं होतं. मग दसऱ्याच्या सुमारास लीलाताईंच्या गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. ऑपरेशन करू, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येणार नाही. तारीख मिळाली वीस दिवसांनंतरची. ही बातमी अण्णांना लीलाताईंनीच येऊन सांगितली, चहा पीत पीत, दुसऱ्या कोणाची सांगावी तशी. अण्णांनी कपाटाची किल्ली काढली.

"वीस दिवस पुष्कळ झाले," ते म्हणाले. मला मात्र रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो. मी वहिनींवर खेकसले, की चहात साखर कमी आहे. वहिनींनी मुकाट्याने साखरेचा डबा माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या गोधडीवर तीन कॅमेरे मांडले गेले. अण्णांनी त्यांना नावं दिली होती, धाकटी, मधली आणि थोरली. यांच्यातली एक निवडायची. मी म्हटलं, त्यात काय अवघड, चित्र चांगलं येईल ती घ्या. अण्णांनी माझ्याकडे शाळेतल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"बाई, लग्न काढायचं असतं तर कुठलीही चालली असती. हे नाटक आहे. माणूस बोलणार. आवाज घेणारं यंत्र वेगळं, चित्र घेणारं वेगळं. दोघांची चाल एक पाहिजे. नाहीतर दुसऱ्या मिनिटाला ओठ पुढे आणि शब्द मागे. आणि दुसरं, कॅमेरा स्वतः बोलायला नको."

मधली या परीक्षेत आधीच नापास झाली. ती किल्लीवर चालणारी, दणकट, लोखंडाची. पण किल्ली पूर्ण भरली तरी अर्धा मिनिटही धड जाईना. "लीला श्वास घेईपर्यंत हिचा संपतो," म्हणून अण्णांनी तिला कपाटात परत ठेवलं.

धाकटी आठ मिलिमीटरची, पंजात मावणारी. तयार डबी आत टाकली की सुरू. एक डबी अडीच मिनिटं चाले. तिचा वेग अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळातला क्वार्ट्झ बसवून बांधून टाकला होता, त्यामुळे चाल पक्की. फक्त ती कुरकुर करायची. थोरली ही गंगापूर रोडची. सोळा मिलिमीटरची, दहा मिनिटं सलग चालणारी, चाल पक्की आणि आवाज नाही. उचलायला मात्र दोन माणसं.

माझ्या हातात माइक आला, कारण गप्प बसण्याचा सराव मला झाला होता. पण पहिल्या परीक्षेत बोलायचं होतं. अण्णा म्हणाले, काहीही वाचा. पर्समध्ये सातवी ब ची हजेरी होती, ती मी वाचली. एकदा धाकटी चालवून, एकदा थोरली चालवून. मग हेडफोन लावून ऐकलं. थोरलीच्या वेळी नुसती मी. धाकटीच्या वेळी अहिरे, बागूल, भामरे, आणि प्रत्येक नावानंतर धाकटीच हजेरी देत होती.

वहिनींना धाकटीची दया आली. त्यांनी जुन्या गोधडीचा तिला अंगरखा शिवला, भिंगापुरतं एक भोक आणि डोळ्यापुरतं एक. कुरकुर कमी झाली, गेली नाही. "स्वेटर घातलं म्हणून खोकला थांबतो का," वहिनी म्हणाल्या आणि सुई ठेवून दिली. थोरली ठरली. तिच्या फिल्मची मुंबईहून एकच रीळ मिळाली, दुसरी यायला महिना लागणार होता. अण्णा म्हणाले, एक बस झाली. नाटक नऊ मिनिटांचं, रीळ दहा मिनिटांची.

जागेचा शोध तर याहून भारी. अण्णांना अशी खोली हवी होती की जिथे काहीही ऐकू येत नाही. सातपूरमध्ये असं ठिकाण मागणं म्हणजे मंडईत बसून झोप मागणं. अखेर पिंपळगाव बसवंतला त्यांच्या ओळखीच्या एका बागायतदाराचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज मिळालं. द्राक्षं यायला अजून दोन महिने होते, खोल्या रिकाम्या, मशिनं बंद. भिंती वीतभर जाड. बाहेर हायवेवर ट्रक धडधडत होते आणि दार ओढून घेतलं की ते जगातून गेल्यासारखे वाटत. आत आवाज घुमत होता म्हणून आम्ही वसाहतीतल्या गोधड्या टेम्पोत घालून नेल्या आणि चारी भिंतींना टांगल्या. दोन दिवे लावले. लोखंडी स्टूल ठेवलं. लीलाताई पोलक्यावर शाल घेऊन उभ्या राहिल्या.

माझ्या शाळेतल्या लाकडी पट्ट्या दोन एकमेकींवर आपटून अण्णांनी टाळी दिली. ही टाळी चित्रात दिसते आणि आवाजात ऐकू येते, मागून दोघांची जुळणी करायला ती लागते. थोरली सुरू झाली. मग काहीच झालं नाही.

लीलाताई उभ्या. अण्णा भिंगाला डोळा लावून उभे. मी माइक धरून उभी. मला वाटलं, त्या भावना जमवतायत. अण्णांनाही तेच वाटलं. थोरलीचा आवाज नसल्यामुळे ती चालू आहे हे कोणाच्या मनात टोचत नव्हतं. दोन मिनिटांनी अण्णा म्हणाले, "लीला, सुरू कर."

"तुम्ही सुरू करा ना," लीलाताई म्हणाल्या.

"चालूच आहे."

त्यांनी मान हलवली, पदर सावरला, तोंड उघडलं. एक वाक्य आलं, दुसरं अर्धं, आणि त्या थांबल्या. पुन्हा टाळी. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चार वाक्यं आली पण ती लीलाताईंची नव्हती, रेशनच्या दुकानात चौकशी करणाऱ्या बाईची होती. मग थोरलीच्या आत फिल्मचं शेपूट फडफडलं. तेवढा एकच आवाज तिने त्या दिवशी केला. रीळ संपली होती.

"मला नाय जमत, अण्णा," लीलाताई म्हणाल्या. "काय झालं कुणास ठाऊक. डोक्यात सगळं हाय."

परतीच्या टेम्पोत गोधड्यांच्या ढिगावर आम्ही तिघं बसलो होतो. अण्णा थोरलीला मांडीवर घेऊन होते. ऑपरेशनला सहा दिवस राहिले होते. मी रागाने धुमसत होते आणि राग कोणावर काढावा ते समजत नव्हतं, म्हणून मी टेम्पोवाल्याला खड्ड्यांवरून बोलले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी लीलाताई आल्या त्या, राहू द्या आता, एवढंच सांगायला. घशाशी हात होता. वहिनींनी चहा दिला. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी धाकटीच्या पाच डब्या होत्या, त्यांतली एक काढून अण्णांनी टेबलावर ठेवली. मग धाकटीचा अंगरखा काढला आणि बॅटरी आहे का बघायला तिला रिकामीच चालू करून कानाला लावली.

कर्र्र्र, असा तिचा नेहमीचा आवाज सुरू झाला.

लीलाताईंनी कप बशीत ठेवला. मान थोडी वर झाली. आणि समोरच्या भिंतीकडे बघत त्या बोलायला लागल्या. "तीस वर्षं तुला तेल घातलं. घरात फोडणीला नव्हतं तेव्हाबी तुला घातलं." तोच आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. अण्णांनी बटणावरचं बोट काढलं नाही. पाच-सहा वाक्यं झाल्यावर लीलाताई स्वतःच दचकून थांबल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "ही तर आपली मशीन."

अण्णा खाली बसले. खुर्ची मागे होती म्हणून बरं. "अठरा वर्षं," ते म्हणाले. "अठरा वर्षं विंगेत बसून मी हिच्या पायाखाली आवाज घातला. आणि काल तो आवाज घरी ठेवून गेलो. वर भिंती शोधल्या वीतभर जाडीच्या."

मला आठवलं, तिन्ही प्रयोगांना मी ते शिवणयंत्र ऐकलं होतं. तरी कोल्ड स्टोरेजमध्ये माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, आणि मी स्वतःला हुशार समजते. जिला तीस वर्षं मशीनच्या वरून बोलायची सवय, तिला आम्ही असल्या शांततेत नेऊन उभं केलं होतं. लीलाताई मशीन सुरू होण्याची वाट बघत होत्या, आम्ही त्यांची, आणि फिल्म आपली निमूट चालली होती.

"पण अण्णा," मी म्हटलं, "दोन आठवडे कुरकुर नको, कुरकुर नको म्हणून आमचा जीव खाल्लात. आता हीच घेणार?"

"कुरकुर कोणाची ते ठरलं नव्हतं, बाई. आता ठरलं. ती मशीनची."

ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, खऱ्या प्रेससमोर आम्ही उभे राहिलो. चौकटीत लीलाताईंचा चेहरा आणि प्रेसची कड एवढंच. नाटकाचे चार तुकडे केले, चार डब्यांना चार. जिथे डबी बदलायची तिथे नाटकातली बाई पाणी पिते, घाम पुसते, असं अण्णांनी आदल्या दिवशी लिहून काढलं होतं. धाकटी उघडीवाघडी, अंगरख्याशिवाय. ती सुरू झाली की लीलाताईंच्या पाठीचा कणा ताठ होई. एकदाही त्या अडखळल्या नाहीत. माइक धरून माझा हात भरून आला होता पण हलला असता तर मी तो तोडून टाकला असता.

एकच पेच राहिला होता. शेवटचं वाक्य मशीन बंद झाल्यावर येतं. इथे मशीन म्हणजे धाकटी. ती बंद केली तर चित्र बंद.

"मग ते वाक्य दिसणार कसं?" मी विचारलं.

"दिसायला कशाला पाहिजे?" अण्णा म्हणाले. "तुम्ही माइक धरून ठेवा."

चौथ्या डबीच्या शेवटी लीलाताईंनी हात वर करून मशीनचं बटण दाबल्याची खूण केली. त्याच क्षणी अण्णांनी धाकटी थांबवली. वर्कशॉपमध्ये इतकं शांत झालं की माझ्या हेडफोनमध्ये लीलाताईंच्या बांगड्या ऐकू आल्या. मग त्यांनी विचारलं, "आता तरी ऐकू येतंय का माझं?" मी रडले. रागावले नाही, नुसती रडले.

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला. फिल्म मुंबईला धुवायला गेली ती दीड महिन्याने परत आली, मग ती संगणकावर चढवून आवाजाशी जुळवली. ओठ आणि शब्द कुठेही सुटले नव्हते. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाचे आभार मानले, ज्याचा क्वार्ट्झ काढल्यापासून त्यांच्या घरात कायम सव्वाचार वाजलेले असत.

वसाहतीच्या समाजमंदिरात रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही ते दाखवलं. खिडक्यांना त्याच गोधड्या. कारखान्यातल्या प्रेसच्या बायका झाडून आल्या होत्या, काही निफाडहून, एक तर थेट सुनेला घेऊन. लीलाताई पुढच्या रांगेत, गळ्याभोवती सुती ओढणी. आवाज गेला होता. अगदी जवळ बसलं तर एक कुजबुज ऐकू यायची, वारा दाराच्या फटीतून यावा तशी. फोनवर तर त्या बोलूच शकत नव्हत्या.

पडद्यावर लीलाताई बोलायला लागल्या तेव्हा खालच्या लीलाताईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. अण्णा एका बाजूला उभे होते, पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून. नऊ मिनिटं त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. शेवटी पडद्यावरचा हात वर गेला, कर्र्र थांबलं, आणि चित्र गेलं. सगळं काळं. त्या अंधारात आवाज आला, "आता तरी ऐकू येतंय का माझं?"

मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "येतंय गं." मग दुसरी, "येतंय, लीला." मग दहा-बारा जणी. कोणी ठरवलं नव्हतं. बराच वेळ कोणी गोधडी काढायला उठलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी मुलाकडे नागपूरला राहायला आले. निघायच्या आधी निरोप घ्यायला गेले, ती अण्णांची आणि माझी शेवटची भेट. दार बंद होतं, म्हणजे पंखाही बंद असणार. आतून वहिनींचा आवाज आला, "चालवताय का?" मी चपला काढून पावलं न वाजवता आत गेले.

अण्णांचं घड्याळ डब्यात होतं. समोर लीलाताई बसल्या होत्या. अण्णांनी आपला कान त्यांच्या तोंडाशी नेला होता, डोळे मिटले होते, आणि लीलाताई काहीतरी बोलत होत्या. मी हातभर अंतरावर होते, मला एक शब्द ऐकू आला नाही. अर्धं मिनिट गेलं. वहिनी मुठीत मोहरी घेऊन दारात उभ्या.

अण्णांनी डोळे उघडले.

"बरं शे," ते म्हणाले. मग टेबलावरची नाटकाची वही ओढून त्यांनी कोऱ्या पानावर लीलाताईंचं नाव लिहिलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, जाण्याआधी एक हात लावा. कपाटावरून थोरली खाली काढायचीय."